नेम आणि हट्ट
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या रात्री केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



कीर्तनाला उभं राहायचं तर आम्हाला अभंग लागतो आणि मागं टाळकरी लागतात. आज मंडळी म्हणाली, "महाराज, कीर्तन नको. दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्ही चिकाटीवर चार शब्द बोला." आता आमचं शिक्षण चौथी. अभंगाशिवाय बोलायचं म्हंजे हातात काठी न घेता दिवे घाट चढायचा. कुठं पाय घसरला तर पदरात घ्या.

परवा दिंडीतल्या एका पोरानं विचारलं, "महाराज, ती दोन वर्षं सोडली तर तुमची एक वारी चुकली नाही. एवढी चिकाटी आणली कुठून?" खोटं कशाला सांगा, आमची छाती फुगली. वडिलांचं नाव सांगितलं, माळेचं सांगितलं, पोरगं पाया पडून गेलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, आपण पोराला अर्धंच सांगितलं. कारण ज्या चिकाटीनं आम्ही पंढरीला चालत गेलो, त्याच चिकाटीनं आम्ही एक वाईट काम केलं, आणि एकदोन वर्षं नव्हे, बारा वर्षं केलं. तेच आज सांगायचं आहे.

गावातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा आणि धाकट्याचा बांध एक. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा काही तक्रार नव्हती. पुढं एका साली नांगरट झाली आणि आम्हाला वाटलं, धाकट्यानं बांध कोरला. धाकट्याला वाटलं, आम्ही कोरला. दोघांना नुसतं वाटलंच, बघितलं कुणीच नव्हतं. मोजणी आणली, खुणा घातल्या. त्या खुणा एकाला मान्य तर दुसऱ्याला अमान्य. मग तालुक्याला दावा लागला.

जागा केवढी? रुंदीला दोन हात आणि लांबीला दीडशे हात. पाऊण गुंठासुद्धा भरत नाही. उसाची धड एक सरी बसते.

त्या एका सरीसाठी आम्ही बारा वर्षं कोर्टाची पायरी चढलो. तारीख म्हणून चुकवली नाही. वापसा आलेला असताना पेरणी अर्धी टाकून गेलो. अंगात ताप असताना गेलो. वकिलाला द्यायला पैसा नव्हता तेव्हा दावणीची खिलार जोडी विकली. एसटी, चहापाणी, मोजणीची फी, वकील, असा सगळा हिशोब धरला तर त्या पैशात तसली दहा-बारा गुंठे जमीन आली असती. पारावर लोक म्हणायचे, गडी चिवट आहे, मागं हटायचा नाही. ते ऐकून आम्हाला गोड लागायचं.

आमची मंडळी एकदा म्हणाली, "पंढरीला जाताना पिशवीत हरिपाठ असतो, कोर्टात जाताना कागदं असत्यात. पिशवी तीच हाय." आम्ही तिच्यावर खेकसलो. पण बाई खरं बोलली होती. पिशवी तीच, पाय तेच आणि माणूसही तोच.

यात आणखी लाजेची गोष्ट अशी की धाकटाही याच दिंडीतला. आम्ही वीणेच्या बाजूला, तो टाळात. बारा वर्षं एका दिंडीत चाललो, एका पंगतीत जेवलो, पावसात एका तंबूत झोपलो, पण बोललो नाही. आपल्यात एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. आम्ही दोघं जागाच अशी धरायचो की समोरासमोर यायला नको. रात्री आम्ही क्रोध वाईट म्हणून कीर्तनात तासभर सांगायचो आणि मागं धाकटा टाळ वाजवायचा. पांडुरंग कसा ऐकत असेल, त्यालाच ठाऊक.

थोरल्या लेकीच्या लग्नाला तिचा चुलता नव्हता. पत्रिकाच आम्ही दिली नाही. अक्षता पडायच्या आधी लेक चारदा मांडवाच्या दाराकडं बघत होती. त्यानंच तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. पुढं सगळं मिटलं, पण तो दिवस काही परत आणता आला नाही. लेक अजून कधी बोलून दाखवत नाही, म्हणून जास्त लागतं.

तर माऊली, चिकाटी ही अशी गोष्ट आहे. बैलात ताकद आहे एवढ्यानं भागत नाही. तोच बैल पाभरीला जुंपला तर रान पेरतो आणि दावं तोडून उभ्या पिकात शिरला तर तेच रान तुडवतो. चिकाटी चांगल्या स्वभावाला जुंपली की तिला आपण नेम म्हणतो. अहंकाराला जुंपली की तिचा हट्ट होतो. आणि करणाऱ्याला दोन्ही आतून सारखेच वाटतात, हीच खरी अडचण. बारा वर्षांत एक दिवस आम्हाला वाटलं नाही की हा हट्ट आहे. आम्ही म्हणायचो, आपण सत्याला धरून आहोत.

चांगदेवांची कथा सगळ्यांना माहीत आहे. चौदाशे वर्षं योग केला म्हणतात. त्यांच्याएवढी चिकाटी कुणाची? मृत्यूला माघारी धाडलं. पण आळंदीच्या पोरांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय घालावा हेच कळेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानानं मोठे. नमस्कार लिहावा, तर वयानं लेकरं. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानोबारायांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी. तरी चांगदेव निघाले ते वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन. समोरून चार भावंडं भिंतीवर बसून आली, तेव्हा ते वाघावरून उतरले आणि पुढं त्या लहानग्या मुक्ताईला गुरू केलं. चौदाशे वर्षं जे साधलं नव्हतं, ते खाली उतरल्यावर साधलं. आमच्या हातात सापाचा चाबूक नव्हता, कोर्टाचे कागद होते. वाघ मात्र तोच.

मग ओळखायचं कसं, की हा नेम आहे का हट्ट आहे? आमच्या अडाणी डोक्याला चार खुणा सापडल्या, त्या सांगतो.

पहिली खूण आपल्या समाजआरतीत आहे. मुक्कामावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. चोपदार तिथं जातात, काय म्हणणं आहे ते ऐकून घेतात आणि ऐकून घेतलं की तो टाळ बंद होतो. किती शहाणी रीत आहे बघा. ऐकून घेईपर्यंत थांबायचं नाही, ही चिकाटी. ऐकून घेतल्यावर वाजवायचं नाही, हा विवेक. आमचा टाळ बारा वर्षं वाजत होता. मधल्या काळात पंच आले, पाहुणे आले, धाकट्याचा सासराही येऊन गेला. आमचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं, पण टाळ काही थांबला नाही. आम्हाला तक्रार सांगायची नव्हतीच, आवाज मोठा करायचा होता.

दुसरी खूण, किंमत कोण देतो ते बघावं. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं आणि मग मे महिन्यात स्वतःचा जीव पणाला लावून बसले. दार बंद ठेवा म्हणणारेही कमी चिकाटीचे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते बंद ठेवलेलं. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर, आणि त्यांचीच माणसं आत येऊ शकत नव्हती. दोन्हीकडं निश्चय होता. पण एका निश्चयाची किंमत दुसरे देत होते, आणि दुसऱ्या निश्चयाची किंमत गुरुजी स्वतःच्या देहानं देत होते. दार उघडलं. आमच्या कोर्टाची किंमत खिलार जोडीनं दिली, मंडळीनं दिली, लेकीनं दिली. आम्ही काय दिलं? नुसता मान सांभाळला.

तिसरी खूण, हट्टाला लपवावं लागतं. आपल्या दिंडीत एक गृहस्थ आहेत, साखरेचा आजार आहे. गाडीत पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा पण. एका वर्षी जेजुरीच्या पुढं तळपायाला फोड आला. कुणाला दाखवला नाही. फडकं बांधून, वर मोजा घालून चालत राहिले. फलटणला पाय सुजून काळा पडला, तेव्हा कळलं. दोन बोटं काढावी लागली. आता ते दिंडीच्या ट्रकमध्ये बसून येतात, मुक्कामाला सगळ्यांच्या आधी पोचतात आणि भाजी निवडतात. परवा म्हणाले, "महाराज, पायानं चालत होतो तेव्हा मी किती चाललो तेच मोजायचो. आता किती माणसं जेवली ते मोजतो." ही वारी कमी झाली का?

शेतातही हेच. एक बोअर कोरडी गेली, दुसरी गेली, तिसरी घरात न सांगता पाडली, चौथीला सावकार गाठला. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, दिवस उगवायच्या आत रानात जाणारा. पण कर्जाचा आकडा उशाखाली दाबून एकटाच झोपतो. बाबांनो, हात जोडून सांगतो, याला चिकाटी म्हणू नका. "मला झेपत नाही, काय करू सांगा," असं भावाला, मित्राला, नाहीतर दिंडीत शेजारी चालणाऱ्याला म्हणणं, ही चिकाटी. त्याला छाती जास्त लागते. दिंडीत शेकडो पावलं बरोबर असतात ती कशासाठी? बसला तर उठवायला.

चौथी खूण, नेम मोडला तर माणूस रडतो आणि परत धरतो. हट्ट मोडला तर माणूस चिडतो आणि सगळंच सोडून देतो. आपल्यातल्याच एकाची गोष्ट. दारू सुटावी म्हणून माळ घातली. तीन वेळा मोडली. तिन्ही वेळा माळ खुंटीला अडकवली. चौथ्या वर्षी परत आला, तेव्हा काहीजण म्हणाले, याला दिंडीत घेऊ नका, माळेचा अपमान होतो. त्या वेळचे आपले म्हातारे विणेकरी एवढंच बोलले, "किती डाव पडला ते मोजू नगा. किती डाव उठला ते मोजा." तो गडी आज पाण्याच्या टँकरवर असतो. तुम्ही त्याच्या हातचं पाणी प्यायला आहात. कधीच न पडणं म्हंजे चिकाटी, असं आपण पोरांना शिकवलं, तर पहिल्यांदा पडलेलं पोरगं उठायचंच नाही.

आता आमचा हट्ट सुटला कसा, ते सांगून आटोपतो.

गावात सप्ताह होता. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, रात्रंदिवस पहारे असतात. आमचा पहारा रात्री बारा ते दोन. दोननंतर ज्याचा पहारा होता त्याला ताप भरलेला, तो आला नाही. आम्ही म्हणालो, हरकत नाही, उभं राहू. तीन वाजले. गुडघे थरथरायला लागले. बोटं तारेवर नीट पडेनात. देवळात सगळे झोपलेले, समई तेवढी जागी. आणि आम्हाला काय वाटत होतं सांगू? भक्ती नव्हती वाटत. सकाळी लोक म्हणतील, महाराजांनी एकट्यानं दोन पहारे काढले, हे वाटत होतं.

धाकटा खांबाजवळ झोपला होता. त्याला जाग आली. बघितलं, उठला, बाहेर जाऊन हातपाय धुऊन आला आणि वीणा घ्यायला हात पुढं केले. आम्ही मान हलवली, नको. तो तसाच उभा राहिला. आम्ही तोंड फिरवलं. तो या बाजूला आला. बारा वर्षांत आमच्याशी पहिला शब्द तेव्हा बोलला. म्हणाला, "दादा, वीणा तुझी न्हाय. दिंडीची हाय."

माऊली, एवढंच वाक्य. चौथीच्या पुस्तकात नव्हतं आणि कोर्टाच्या कागदातही नव्हतं.

आपली रीत तुम्हाला माहीत आहे. घेणारा आधी विणेकऱ्याच्या पाया पडतो, मग वीणा गळ्यात घेतो, आणि मग देणाऱ्यानं त्याच्या पाया पडायचं. वीणा ज्याच्या गळ्यात, तो मोठा. वयाचा हिशोब तिथं नाही. धाकटा पाया पडला. आम्ही वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली. आता आमची पाळी. आम्ही थोरले. वाकताना कंबरेपेक्षा मान जास्त दुखली. पायावर डोकं ठेवलं तेव्हा समईच्या उजेडात त्याच्या टाचा दिसल्या. भेगाळलेल्या, हुबेहूब वडिलांच्या टाचा. आम्ही बराच वेळ उठलोच नाही. तो वर वीणा वाजवत होता, आणि आमच्या मानेवर पाणी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी लगेच सगळं गोड झालं असं नाही. आठ दिवस दोघंही घुटमळत होतो. मग एकाच एसटीनं तालुक्याला गेलो, तडजोड लिहून दिली. ती दोन हातांची पट्टी आता पायवाट आहे. दोन्ही घरच्या बाया भाकरीची टोपली घेऊन तिथनंच रानात जातात. जावाजावा अजून मोजून बोलतात, हेही सांगतो. बारा वर्षांची वाळवी एका रात्रीत जात नाही.

आणि हट्ट एकदा गेला म्हणून कायमचा जात नाही. 2020 साली रोगाची साथ आली, पायी वारी थांबली. माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आम्ही घरात हटून बसलो, काही झालं तरी जाणार, आडवाटेनं जाऊ, आमचा नेम मोडायचा नाही. धाकटा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, माऊली एसटीनं गेली. तू माऊलीपेक्षा मोठा हाईस का?" आम्ही पिशवी खुंटीला लावली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पडवीत अंतर ठेवून हरिपाठ म्हटला. न जाणं हाच त्या सालचा नेम होता. पांडुरंग स्वतः काय करतो? पुंडलिकानं वीट फेकली आणि थांब म्हणाला, तर देव थांबला. आईबापाची सेवा सोड आणि आधी माझ्याकडं बघ, असा हट्ट देवानं केला नाही. ज्याचं दर्शन घ्यायला आपण एवढं चालतो, तो कमरेवर हात ठेवून वाट बघत उभा आहे.

आता शेवटचं. आज आपण म्हणतो, दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत 1972 चा दुष्काळ होऊन गेला, जनावरांना चारा नव्हता, माणसांना खडी फोडावी लागली, तरी दिंडी निघाली. पण माऊली, शंभर वर्षं चाललेला एकही माणूस इथं बसलेला नाही. ज्यांनी दिंडी काढली ते कधीच वैकुंठाला गेले. त्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, त्यानं तिसऱ्याच्या घातली. प्रत्येकानं देताना मान वाकवली. एकानं जरी म्हटलं असतं की वीणा माझी, मी सोडणार नाही, तर ती त्याच्याबरोबरच संपली असती. म्हणून त्या पोराला आज राहिलेलं अर्धं उत्तर देतो. चिकाटी धरण्यात आहेच, बाळा. पण वेळ आली की सोडण्यातही आहे.

आमचे गुडघे आता बोलायला लागलेत. या आषाढीला वीणेचा एक पहारा आम्ही त्या पोराला देणार आहोत. चालीवर जरा कच्चा आहे, पण शिकेल. देताना आम्ही त्याच्या पाया पडणार आहोत, तेव्हा त्यानं लाजू नये, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

आणि इथं ज्यांच्या बांधाचा, भिंतीचा, पत्रिकेचा असा काही टाळ अजून वाजत असेल, त्यांनी उद्या काल्याला येताना त्या माणसाच्या शेजारी बसावं. बोललं नाही तरी चालेल. लाही एका हातानं घ्यावी आणि दुसऱ्या हातानं त्याला द्यावी.

काही कमीजास्त बोललो असेन तर क्षमा करा.

रामकृष्ण हरी.